मुळात नसलेलं वाक्य

"हे वाक्य मूळ पुस्तकात कुठं आहे, तेवढं दाखवा."

सुधाकरनं माझ्या टेबलावर पुस्तक आपटलंच म्हणा. पान उघडं होतं. एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती, इतकी दाबून मारलेली की मागच्या पानावर उमटली होती. रविवारची सकाळ. माझा चहासुद्धा व्हायचा होता.

"बसा तर खरं, सुधाकरभाऊ."

"बसत नाही सर. आधी दाखवा."

सुधाकर मेहकरजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. चाळिशीतला, एरवी अगदी शांत माणूस. त्याची आई वच्छलाबाई अमडापूरहून आमच्या चिखलीच्या बाजारात भाजी विकायला येते. तिच्यामुळे ओळख. ते पुस्तक मीच त्याला सही करून दिलं होतं. मला वाटलं होतं, वाचून दोन बरे शब्द बोलेल. हा तर डोळे लाल करून उभा.

माझा धंदा काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी कन्नड कादंबऱ्यांचा मराठीत अनुवाद करतो. आधी बँकेत होतो. बँकेनं अकरा वर्षं उत्तर कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांतून फिरवलं. तिथं काउंटरवर लोकांशी डोकं लावता लावता कन्नड आली. व्हीआरएस घेतली आणि हे काम धरलं. तिकडच्या खेड्यांतल्या घरांवरच्या कादंबऱ्या मला मनापासून आवडतात. एकत्र कुटुंब, जावाजावा, सणवार, घरातल्या रीती, कोण कोणाशी का बोलत नाही, असलं सगळं. नावं बदलली तर आपल्याच गल्लीतली माणसं वाटतात. हे वाटणंच मला भोवलं.

अनुवादकाला लोक काहीही म्हणतात. भाषा बोजड आहे म्हणतात, मूळ किती गोड होतं म्हणतात, ते मूळ वाचता येत नसलं तरी म्हणतात. ते सगळं मी ऐकून घेतो. पण "तुम्ही पदरचं घातलं" हा आरोप आला की आमचं धाबं दणाणतं. करारातच लिहिलेलं असतं, मुळात नाही ते घालायचं नाही आणि आहे ते गाळायचं नाही. आणि सुधाकरनं नेमकं जे वाक्य पकडलं होतं, ते मी पदरचं घातलेलं होतं. तीनशे पानांत एकच. बरोबर तेच!

मी खोटं बोललो.

"मुळातलंच आहे," असं म्हणून मी कपाटातून कन्नड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. इथं." मनात म्हटलं, याला कुठं कन्नड येतंय.

सुधाकरनं खिशातून मोबाइल काढला. कॅमेरा चालू केला आणि माझ्या बोटावर धरला. दोन सेकंदांत स्क्रीनवर कन्नड अक्षरं गेली आणि मराठी आली. "पद्धतीनुसार त्यांनी बाळ दिले." वरची ओळ वेगळी, खालची ओळ वेगळी. बाकी काही नाही.

ज्या मशीनला मी इतकी वर्षं शिव्या घालत आलो, त्या मशीननं माझ्या घरात, माझ्या टेबलावर मला खोटं पाडलं. आणि तेही अचूक अनुवाद करून! माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

"आता सांगा," सुधाकर म्हणाला, "हे वाक्य कुठून आलं?"

सांगतो. त्या कादंबरीत दोन जावा आहेत. थोरलीला मूल नाही, म्हणून धाकटी आपलं दुसरं लेकरू तिच्या ओटीत घालते. कन्नड लेखिकेनं तो प्रसंग एका ओळीत उरकलाय. "पद्धतियंते मगुवन्नु कोट्टरु." पद्धतीप्रमाणे मूल दिलं. बस्स. तिच्या वाचकांना पद्धत ठाऊक असेल किंवा तिला सांगायची नसेल. मी तेवढंच लिहून खर्डा पुण्याला पाठवला. तिथल्या एडिटर मॅडमचा फोन आला.

"सर, पद्धत म्हणजे नेमकं काय? इतका मोठा प्रसंग आणि वाचकाला काहीच दिसत नाही."

"तळटीप देतो," मी म्हटलं. तळटीप म्हणजे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली माहिती.

"कादंबरीत तळटीप नको हो. वाचक अडखळतो. आतच एक वाक्य घाला ना."

आता नियमानं मी लेखिकेला विचारायला हवं होतं. दोनदा फोन लावला, उचलला नाही. ऐंशीच्या घरातल्या बाई, धारवाडकडं राहतात. तिसऱ्यांदा लावायचा मी आळस केला. म्हटलं, आपल्याकडं काय करतात ते विचारू. खेडं इथून तिथून सारखंच.

आणि विचारायला माणूस घरचंच होतं. माझी एक पद्धत आहे, प्रत्येक प्रकरणाचा खर्डा मी वच्छलाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवतो. कागदावर बरं दिसणारं बोलणं माणसाच्या तोंडी घातलं की लाकडासारखं लागतं. ते कानावर पडल्याशिवाय कळत नाही. बाई सत्तरीच्या आहेत, वाचता येत नाही, पण कान असा की विचारू नका. बाजार उठला की माझ्या ओट्यावर टेकायच्या, बशीत चहा ओतायच्या आणि मला झापायच्या. "सासूसंग असं बोलते का कोणी? पुण्याची सून हाय का ते?" मी मुकाट्यानं वाक्य बदलायचो.

तर त्या दिवशी विचारलं. "वच्छलाबाई, घरातल्या घरात मूल दिलं, जावेनं जावेला, तर तुमच्याकडं काय पद्धत असते?"

बाईंनी आधी चहा संपवला. बशी उपडी घातली. मग म्हणाल्या, "लिहून घ्या."

मी पेन्सिल घेतली.

"देनारीनं मंग त्या लेकराच्या ताटात आपल्या हातानं वाढाचं नाही. जल्मात नाही."

"का बरं?"

"तिच्या हाताची चव लागली तं लेकरू मांगं वळते. म्हून."

पेन्सिल थांबवून मी विचारलं, "अशी पद्धत असते?"

"हाव. आमच्याकडं असंच असते." मग पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाल्या, "पुस्तक छापलं का एक माह्या सुधाकरले द्याल साहेब. त्याले वाचाचा लय नाद हाय."

मी ते वाक्य जसंच्या तसं घातलं. एडिटर मॅडम तर खूशच झाल्या. त्यांनी ते मलपृष्ठावर, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापलं. एका पुस्तक-परिचयात "कन्नड ग्रामजीवनातली काळीज पिळवटणारी रीत" असं कौतुकही आलं. मी वाचलं, थोडा वरमलो आणि गप्प बसलो. चूक माझी होती आणि कौतुकही माझंच चाललं होतं, मग कोण बोलणार?

पुस्तक छापून यायला दीड वर्ष लागलं. दर बाजाराला वच्छलाबाई विचारायच्या, "छापलं का?" मी बायकोला कौतुकानं सांगायचो, बघ, बाईला साहित्याची गोडी लागली.

हे सगळं मी सुधाकरला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "चुकलं माझं. मुळात नाही ते. इकडची रीत विचारून घातली. तुम्हाला तक्रार करायची असेल तर प्रकाशकाला पत्र लिहा."

"सर, ही रीत कुठंच नाही," सुधाकर म्हणाला. "मी गावातल्या चार म्हाताऱ्या बायांले इचारलं. सासरवाडीले मेहकरले इचारलं. कोणालेच मालूम नाही. असं फक्त एकाच घरात झालेलं आहे."

"कोणाच्या?"

"आमच्या."

मग तो बसला. आणि सांगू लागला.

त्याची एक काकू आहे, सुमनकाकू. शेजारचंच घर, मधे एक भिंत. लहानपणापासून ही काकू पंगतीत वाढायला यायची, सगळ्या पोरांना आग्रह करकरून वाढायची आणि याच्या ताटाशी आली की वरणाचं भांडं दुसरीच्या हातात द्यायची. दिवाळीत तेच, पोळ्याला तेच. पोरगा लहान होता तेव्हा रडायचा. मोठा झाल्यावर मनात धरून बसला. याच्या लग्नात तिच्या हातात जिलेबीचं ताट होतं. नवरदेवाच्या पानापाशी आली आणि तोंड फिरवून पुढं गेली. साऱ्या पाहुण्यांदेखत! सुधाकर भरल्या पानावरून उठला. त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षं त्यानं त्या बाईचं तोंड पाहिलं नव्हतं.

"आता ती पडून हाये. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगतलं. माय रोज म्हणते, जाय, भेटून ये. मी म्हणतो, जिनं मले कधी घासभर वाढलं नाही, तिच्या उशाशी मी काऊन बसू?" बोलता बोलता त्याची शाळेतली मराठी कुठल्या कुठं गेली होती. "अन् मंग हे वाचलं. सर, हे तुम्हाले कोणी सांगतलं?"

अरे देवा, मी बाईंना रीत विचारली होती आणि त्यांनी मला स्वतःच्या घरातलं झाकलेलं काढून दिलं होतं. आणि मी ते मागच्या कव्हरवर छापून महाराष्ट्रभर वाटलं होतं! माझ्या गप्प बसण्यानंच त्याला उत्तर मिळालं. तो उठला, "चला," म्हणाला. मी चप्पल घातली आणि त्याच्या गाडीवर मागं बसलो.

अमडापूर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आता त्या बाईला मी काय तोंड दाखवू? चाळीस वर्षं सांभाळलेलं तिचं गुपित माझ्या एका वाक्यानं फुटलं. पोरगा हातचा गेला तर तिचं दुसरं आहे कोण? नवरा नाही, दीर नाही.

वच्छलाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. आधी सुधाकरच्या हातातलं पुस्तक पाहिलं, मग मला. दचकल्या नाहीत. घाबरलो तो मीच.

"वाचलं?" त्यांनी लेकाला विचारलं.

"माय, हे खरं हाय?"

"त्या सायबानं लिवलं ते खोटं असन का?"

आता मात्र मी चिडलो. "वच्छलाबाई! तुम्ही मला सांगितलंत ही पद्धत आहे म्हणून!"

"हाय ना. आमच्याकडं हाय. मी गावाचं कुठं म्हनलं?"

"अहो, पण ते पुस्तकात छापलं मी!"

"छापासाठीच तं सांगतलं."

मी जागच्या जागी गार. बँकेत असताना मोठमोठ्या माणसांनी मला टोप्या घालायचा प्रयत्न केला होता. एकालाही जमलं नव्हतं. या बाईनं माझ्या ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन मला वापरून घेतलं होतं आणि दीड वर्ष मला पत्ता नव्हता.

मग त्यांनी लेकाकडं न बघता मला सांगितलं, मेथी बाजूला न ठेवता. बाईंच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नाही. दीर तेव्हा जळगाव जामोदला दुकानात कामाला. धाकट्या जावेला दिवस गेल्याचं कळलं तसं सासूनं वच्छलाबाईंना तिकडं नेऊन ठेवलं, आणि आठ-नऊ महिन्यांनी लेकरासकट परत आणलं. गावाला वाटलं, बाळंतपण हिचंच. निघायच्या दिवशी सासूनं दोघी सुनांना देवासमोर बसवलं आणि दोघींना एकेक शपथ घातली. सुमननं त्या लेकराला आपल्या हातानं वाढायचं नाही. आणि वच्छलानं कधी त्याला आपल्या तोंडानं सांगायचं नाही. पुढं दिराचं काम सुटलं आणि सुमन त्याच भिंतीपलीकडं राहायला आली.

"बुढी मेली. शपथ कुठं मेली? दोन सालापासून सुमन दुखण्यात हाय. याचंच नाव घेते. अन् हा पोट्टा तिच्या दारातून तोंड फिरवून जाते. मी सांगू कशी? तोंडानं सांगाचं नाही म्हनलं होतं." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्या दिशी तुमीच इचारलं. मी म्हनलं, देवानंच धाडलं या मानसाले. मी याले अजूनबी काही सांगतलं नाही, साहेब. तुमी सांगतलं."

सुधाकर ओट्यावर बसला होता. पुस्तक मांडीवर होतं. "मी तिचा?" तो एवढंच म्हणाला.

"सांगा त्याले, साहेब. जलमला तिच्या पोटी. मोठा झाला माह्यापाशी."

"अन् मी बारा वर्षं तिले..." तो उठला आणि शेजारच्या घरात गेला. दार ढकलल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही.

वच्छलाबाई उठल्या नाहीत. जुडी बांधत होत्या, पण दोरी बसेना. तीच जुडी तीनदा सुटली. मी म्हटलं, "द्या इकडं." त्यांनी दिली नाही. खाली मान घालून अगदी हळू विचारलं, "आता हा तिकडंच वळन का हो, साहेब?"

तेव्हा मला कळलं, बाईनं काय पणाला लावलं होतं ते. मला वापरलं म्हणून आलेला राग कुठल्या कुठं गेला. धीर द्यावा असं एकही वाक्य मला सुचलं नाही. दोन भाषा येतात मला.

अर्धा तास गेला असेल, जास्तच. सुधाकर बाहेर आला. तोंड धुतलेलं दिसत होतं, डोळे सुजलेले. आईसमोर येऊन उभा राहिला.

"काय म्हनली?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"जेवला का, म्हनली."

"मंग?"

"मी म्हनलं, वाढ आता तू. तं नाही म्हनली. शपथ हाय म्हनते. इतकं वर्स पाळली, आता जाता जाता काऊन मोडू, म्हनते." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "मंग मीच वाढलं तिले. भात कालवून. चार घास खाल्ले तिनं माह्या हातानं."

वच्छलाबाईंनी मान हलवली.

"माय," सुधाकर म्हणाला, "मले भूक लागली. भाकर टाकतं का?"

बाई अशा उठल्या, की मांडीवरची सगळी मेथी अंगणात सांडली. ती मी गोळा केली.

सुमनबाई त्यानंतर तीन आठवडे होत्या. सुधाकर शाळा सुटली की मेहकरहून गाडीवर यायचा, रोज, आणि त्यांना भरवायचा. त्यांनी त्याला शेवटपर्यंत वाढलं नाही.

आता माझं राहिलं. मी एडिटर मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, मलपृष्ठावर छापलंय हो ते!" मला ते ठाऊक होतं. धारवाडला लेखिकाबाईंना फोन लावला. यावेळी पहिल्याच रिंगला उचलला, माझं नशीब. माझी कबुली त्यांनी शांतपणे ऐकली आणि कन्नडमध्ये अशी हजेरी घेतली, की तिकडच्या अकरा वर्षांच्या नोकरीत कोणी घेतली नव्हती. "माझ्या गावच्या बायकांच्या माथी कुठली शपथ मारलीस? त्यांना स्वतःच्या शपथा कमी आहेत का?" शेवटी म्हणाल्या, "काढ ते." बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या आवृत्तीत आता फक्त मूळ ओळ आहे. पद्धतीप्रमाणे मूल दिलं.

ते वाक्य काढणार हे वच्छलाबाईंना कसं सांगावं, म्हणून मी दोन बाजार टाळले. तिसऱ्या बाजाराला सांगितलं. बाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"काढा ना," म्हणाल्या. "त्याचं काम झालं."

तेव्हापासून मी कुठलीही रीत एका घरी विचारून लिहीत नाही, दोन घरी विचारतो. आणि सांगणारीला आधी विचारतो, की बाई, हे नेमकं कोणाला सांगायचंय?